खाणींच्या शेअर्सचं गाव : स्पोकॅन, केलॉग, वॉलेस

शुक्रवार – बेलव्यू ते स्पोकॅन

लेबर डेच्या लाँग वीकेंडला इथे सिएटलच्या भागातले आपल्याकडचे बहुतेक लोक लेवनवर्थ नाहीतर ओरेगन कोस्ट गाठतात, आम्ही मात्र आय-९० हायवे पकडून सरळ पूर्वेला निघालो. कारण बाबा. आई-बाबा उन्हाळ्यासाठी पुण्याहून आलेत आणि बाबांची अख्खी नोकरी पुण्याच्या शेअर ब्रोकर्सकडे गेली, म्हणजे कुमठेकर रोडवर पुणे स्टॉक एक्स्चेंज जोरात होतं तेव्हाचा तो काळ. मी त्यांना सहज म्हटलं होतं की इथून साडेचार तासांवर स्पोकॅन नावाचं एक शहर आहे जिथे जवळपास फक्त खाणींच्या शेअर्ससाठी चालणारा स्टॉक एक्स्चेंज होता, १८९७ ला सुरू झाला आणि १९९१ ला बंद पडला. त्यानंतर त्यांना माउंट रेनियर वगैरे कशातच इंटरेस्ट राहिला नाही.

स्नोक्वाल्मी पास ओलांडला की झाडी विरळ व्हायला लागते, एलेन्सबर्गनंतर तर एकदम कोरडं माळरान. तिथे याकिमाकडे जाणारा फाटा लागतो. याकिमा म्हणजे सफरचंदं आणि हॉप्स, खाणीशी काही संबंध नसलेला शेतकऱ्यांचा भाग, पण सनशाइन नावाच्या चांदीच्या खाणीचे शेअर्स याकिमाच्याच लोकांनी मोठ्या प्रमाणावर घेऊन ठेवले होते आणि कंपनीचं ऑफिससुद्धा बरीच वर्षं तिथेच होतं. शेअर पडून होता काही सेंट्सवर. मग १९३१ मध्ये १७०० फुटांच्या लेव्हलला जबरदस्त चांदी लागली, महामंदीच्या ऐन मध्यात, आणि १९३७ पर्यंत ती अमेरिकेतली सगळ्यात जास्त चांदी काढणारी खाण झाली होती. ज्यांनी शेअर्स विकले नाहीत त्यांची घरं त्या मंदीत तरली. बाबा म्हणाले, "आणि ज्यांनी आदल्या वर्षी विकले त्यांचं काय झालं असेल?" मग व्हँटेजला कोलंबिया नदीचा पूल येईपर्यंत तोच विषय. आईने मागून धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली तेव्हा कुठे थांबला.

रिट्झव्हिलच्या आसपास दोन्हीकडे कापणी झालेली गव्हाची शेतं, सांगण्यासारखं फारसं काही नाही. संध्याकाळी स्पोकॅनला पोचलो.

शनिवार – स्पोकॅन

सकाळी आधी रिव्हरफ्रंट पार्क. नदी गावाच्या बरोबर मध्यात खडकांवरून खाली कोसळते, ह्या धबधब्यांमुळेच गाव इथे वसलं. ऑगस्टमध्ये पाणी कमी होतं म्हणतात आणि खरंच कमी होतं, पण तरी उभं राहावंसं वाटतं. पार्क १९७४ च्या एक्स्पोसाठी, म्हणजे जागतिक प्रदर्शनासाठी, रेल्वेचं यार्ड उखडून केलेलं आहे, जुन्या स्टेशनचा घड्याळाचा टॉवर तेवढा ठेवलाय.

आता मुद्द्याचं. स्पोकॅनमध्ये स्वतःची मोठी खाण एकही नाही. पूर्वेला आयडाहोमध्ये कोर डलेनचा चांदी-शिशाचा पट्टा, उत्तरेला सीमेपलीकडे ब्रिटिश कोलंबियात रॉसलँडचं सोनं, शिवाय वॉशिंग्टनमध्येच रिपब्लिक. ह्या सगळ्यांच्या मधे रेल्वेचं जंक्शन म्हणजे स्पोकॅन. १८८९ च्या आगीत गावाचा मधला भाग जळून खाक झाला होता आणि तो परत उभा राहिला त्यात खाणींचा पैसा भरपूर. रॉसलँडची गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे. १८९० मध्ये दोन शोधकांनी पाच क्लेम मारले, म्हणजे खणायच्या पाच जागांवर हक्क सांगितला, पण नोंदणीची फी भरायला पैसे नव्हते, तर यूजीन टॉपिंग नावाच्या माणसाने साडेबारा डॉलर भरले आणि त्या बदल्यात पाचातला एक क्लेम घेतला. तो म्हणजे ले रॉय. पुढे स्पोकॅनच्या लोकांनी तो टॉपिंगकडून घेतला, कंपनी केली, डिव्हिडंड सुरू झाले, आणि १८९८ मध्ये लंडनच्या कंपनीला विकून ते करोडपती झाले. मग काय, प्रत्येकाला आपला ले रॉय हवा होता. रॉसलँडच्या नावावर कंपन्यांवर कंपन्या निघाल्या आणि त्या तापात १८९७ चा एक्स्चेंज उभा राहिला.

डाउनटाउनमध्ये आम्ही पायी फिरलो. पॉलसन बिल्डिंग बघायचीच होती, १९०८ ची, अकरा मजली. ऑगस्ट पॉलसन हा मुळात डेअरीवर काम करणारा माणूस. वॉलेसजवळच्या हर्क्युलीस नावाच्या खाणीत छोटा हिस्सा घेतलेल्या मंडळींपैकी तो एक. दुसरे म्हणजे हटन नवरा-बायको. लेवी हटन रेल्वेचं इंजिन चालवायचा आणि मे आर्कराइट हटन ही खाण-कामगारांच्या खानावळीत स्वयंपाक करायची. ही सगळी मंडळी नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी स्वतः जाऊन खणायची. १९०१ ला खडकातली धातूची शीर सापडली आणि सगळे श्रीमंत झाले. मे हटन पुढे स्पोकॅनला येऊन बायकांच्या मताच्या हक्कासाठी लढली, वॉशिंग्टन राज्याने तो १९१० मध्ये दिला. ती गेल्यावर लेवीने अनाथ मुलांसाठी हटन सेटलमेंट बांधलं, १९१९ मध्ये उघडलेलं ते अजून चालू आहे. हर्क्युलीसचे शेअर्स बाजारात खुलेपणाने फिरत नव्हते, मालकांनी घट्ट धरून ठेवले होते, पण ह्या एका खाणीच्या कहाणीवर इतर शेकडो कंपन्यांचे शेअर्स खपले असणार ह्याबद्दल मला शंका नाही. डेअरीवाला, इंजिन ड्रायव्हर, आचारीण श्रीमंत होऊ शकतात तर मी का नाही, हा विचार कोणाच्याही मनात येईल.

दुपारी ब्राउन्स ॲडिशन. हा खाणमालकांच्या बंगल्यांचा भाग, मोठमोठे मेपल आणि त्यांच्या सावलीत एकेक वाडा. कॅम्पबेल हाउस १८९८ चं आहे, आर्किटेक्ट कर्टलँड कटर, आता म्युझियमचा भाग असल्यामुळे आतून बघता येतं. अमासा कॅम्पबेल आणि त्याचा पार्टनर जॉन फिंच हे बाहेरून भांडवल घेऊन आलेले लोक, हेक्ला कंपनीच्या सुरुवातीच्या मंडळीतले. घर सुंदर आहे पण मला सारखं आठवत होतं की हे पैसे तिकडे जमिनीखाली कुणीतरी काढलेत. जवळच पॅट्सी क्लार्कचा बंगला, तोही कटरचाच, तो बाहेरूनच पाहिला.

संध्याकाळी हॉटेलवर बाबांना मी जमवलेली माहिती सांगत होते आणि तिथे मजा आली, कारण बाबांचे प्रश्न माझ्यापेक्षा पुढचे. मी सांगितलं, त्या काळच्या मायनिंग एक्स्चेंजेसमध्ये कॉल असायचा, म्हणजे एकेका कंपनीचं नाव पुकारायचं, ब्रोकर बिड-ऑफर ओरडणार, सौदा झाला की फळ्यावर खडूने भाव, मग पुढचं नाव. बाबा म्हणाले, "म्हणजे आमची रिंगच की, ओरडून सौदे करायची जागा." मग मी असेसेबल शेअर्सबद्दल सांगितलं. आयडाहो, युटा, नेवाडा ह्या भागात कायदा असा होता की कंपनी प्रत्येक शेअरमागे अर्धा सेंट, एक सेंट असा वर्गणीचा हुकूम काढू शकायची, पेपरात नोटीस द्यायची, आणि मुदतीत भरले नाहीत तर तुमचे शेअर्स लिलावात जायचे.

"पार्टली पेड शेअरवर उरलेल्या पैशांचा कॉल म्हणजे. आपल्याकडे पण असतो," बाबा.

"नाही बाबा, पूर्ण पैसे भरून घेतलेल्या शेअरवर. वर्षानुवर्षं. जेव्हा बोगदा पुढे न्यायला पैसे लागतील तेव्हा."

बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "ह्याला शेअर नाही म्हणता येणार, ही भिशी झाली."

मला हे फार पटलं आणि इथेच मला वाटतं लोक ह्या एक्स्चेंजबद्दल चुकीचं बोलतात. पेनी स्टॉक, म्हणजे काही सेंट्सचा शेअर, म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त फसवाफसवी येते. ती होतीच, भरपूर होती, नुसत्या डोंगराच्या कागदावर शेअर्स छापून विकणारे होतेच. पण जमिनीत चांदी आहे की नाही हे खणल्याशिवाय कळत नाही, आणि खणायला बँक कर्ज देत नाही, न्यूयॉर्कला तर त्या डोंगराचं नावही माहीत नसतं. मग पैसा येणार कुठून? दहा-वीस सेंटचा शेअर घेणाऱ्या लोकांकडून. आणि घेणारा रविवारी उठून खाण बघून येऊ शकायचा, त्याचा मेव्हणा तिथे शिफ्टला असायचा. हे डोळे मोठ्या बाजाराकडे नसतात.

रविवार – केलॉग आणि सनशाइन

सकाळी आयडाहोत शिरलो, कोर डलेन लेकच्या कडेने घाट चढून पलीकडे. कटाल्डो मिशनला अर्धा तास थांबलो, १८५० च्या दशकातलं लाकडी चर्च, आयडाहोतली सगळ्यात जुनी इमारत. आईला ते फार आवडलं.

केलॉग हे गाव एका गाढवामुळे वसलं असं तिथले लोकच अभिमानाने सांगतात. १८८५ मध्ये नोआ केलॉग नावाचा म्हातारा उधारीवर शिधा आणि एक गाढव घेऊन डोंगरात गेला, आणि बंकर हिलची शीर सापडली. मग ज्यांनी शिधा आणि गाढव दिलं होतं ते कोर्टात गेले, आणि जज्जने त्यांना हिस्सा देताना गाढवाने शोध लावला हे ग्राह्य धरलं. बाबा म्हणाले, भांडवल देणाऱ्याचा हक्क मान्य करणारा ह्याहून स्वच्छ निकाल नसेल. ते गंभीरपणे म्हणत होते आणि मला वाटतं बरोबरच आहे.

पण केलॉगची दुसरी बाजू जड आहे. १८९९ च्या एप्रिलमध्ये युनियनच्या माणसांनी ट्रेन ताब्यात घेऊन बंकर हिलची कॉन्सन्ट्रेटर मिल, म्हणजे खनिज दळून वेगळं करायचा कारखाना, डायनामाइटने उडवली. ती ट्रेन चालवत होता आपला वरचा लेवी हटन, बंदुकीच्या धाकाखाली. मग लष्कर आलं, मार्शल लॉ, शेकडो कामगार कुंपणात डांबले. पुढे शिसं गाळण्याचा स्मेल्टर, १९७३ मध्ये धूर गाळणाऱ्या बॅगहाउसला आग लागली आणि तरी काम चालू ठेवलं, परिणामी गावातल्या मुलांच्या रक्तात शिसं. १९८१ मध्ये कंपनीने बंद करायची घोषणा केली, दोन हजारांवर लोकांची नोकरी गेली. १९८३ ला हा भाग सुपरफंडमध्ये, म्हणजे सरकारने साफ करायच्या प्रदूषित जागांच्या यादीत, स्मेल्टरच्या चिमण्या १९९६ ला पाडल्या. आज वर स्की रिसॉर्टचा गोंडोला जातो आणि डोंगर परत हिरवे झालेत, माझ्या मुलीला गोंडोलाच लक्षात राहील. मला मात्र सांगावंसं वाटतं की डिव्हिडंड स्पोकॅनला, न्यूयॉर्कला, कुठेकुठे गेले आणि शिसं इथेच राहिलं.

केलॉग आणि वॉलेसच्या मधे हायवेलगतच सनशाइनचं स्मारक आहे. हातात ड्रिल घेतलेला खाण-कामगार, हेल्मेटवर दिवा, भोवती छोट्या दगडांवर नावं. २ मे १९७२. खाली आग लागली, ज्वाळांनी नाही तर धुराने, कार्बन मोनॉक्साइडने ९१ माणसं गेली. सेल्फ-रेस्क्युअर, म्हणजे विषारी धुरात श्वास घेता यावा म्हणून तोंडाला लावायची उपकरणं, होते पण बरेच गंजलेले, आणि वापरायचे कसे हेही अनेकांना शिकवलं नव्हतं. आठवडाभराने दोघेजण जिवंत सापडले, फक्त दोघे. आणि त्या दिवशी सकाळी खाणीचे बहुतेक मोठे अधिकारी जागेवर नव्हते, कारण कोर डलेनला कंपनीची वार्षिक सभा होती. शेअरहोल्डर्सची.

हे मी आधी वाचलं होतं, पण तिथे उभं राहून बाबांना सांगताना आवाज नीट निघेना. बाबांनी आयुष्यात कितीतरी एजीएम बघितल्या, खाऊचं पाकीट, अहवाल, हात वर, ठराव मंजूर. ते एकेक नाव वाचत सगळं स्मारक फिरले. आम्ही गाडीत बसून राहिलो, त्यांना घाई केली नाही. १९७७ चा अमेरिकेचा खाण सुरक्षा कायदा यायला जी कारणं झाली त्यात ही आग एक आहे.

मुक्काम वॉलेसला.

सोमवार – वॉलेस, बर्क आणि परत

वॉलेस लहानसं आहे पण अख्खं डाउनटाउन ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदलेलं. १९१० च्या वणव्यात एक तृतीयांश गाव जळलं होतं. आय-९० गावातून न जाता वरून पुलावर जातो, आणि १९९१ पर्यंत बॉस्टन ते सिएटल ह्या रस्त्यावरचा शेवटचा सिग्नल वॉलेसमध्ये होता. त्याच वर्षी स्पोकॅनचा एक्स्चेंज बंद झाला, हा योगायोगच, पण गावकऱ्यांना दोन्ही एकदम आठवतात.

सकाळी सिएरा सिल्व्हर माइनची टूर घेतली. गाइड रिटायर झालेला खाण-कामगार. आत गार, भिंतीवरून पाणी झिरपतंय, आणि त्याने कॉम्प्रेस्ड एअरवर जॅकलेग ड्रिल दोन सेकंद चालू केलं तर छातीत हादरा बसला. तो म्हणाला की पगार झाला की बारमध्ये बिअर आणि शेअर्स दोन्ही मिळायचे, आणि नवीन शीर लागली की खालच्या शिफ्टला आधी कळायचं, ब्रोकरला नंतर, स्पोकॅनच्या फळ्यावर सगळ्यात शेवटी. बाबा हसून म्हणाले, इनसायडर ट्रेडिंग! पण त्यांनाही माहीत आहे की आत काम करणाऱ्याला कळलं आणि त्याने पाचशे शेअर घेतले ह्यात आणि प्रमोटरने आतून माल विकण्यात फरक आहे.

मेन रोडवर एका अँटिक दुकानात जुनी शेअर सर्टिफिकेट्स होती, पुठ्ठ्याच्या खोक्यात, एकेक पाच डॉलर. मी एक घेतलं. हिरवी नक्षीची किनार, वर डोंगर आणि खाणीच्या तोंडावरचा लाकडी सांगाडा (हेडफ्रेम), १००० शेअर्स, मालकाचं नाव काळ्या शाईत तिरप्या अक्षरात, आणि आडवा छापलेला शब्द: असेसेबल. बाबांनी चष्मा वर केला आणि सर्टिफिकेट लगेच उलटं केलं. त्यांच्या काळात सगळा जीव मागच्या बाजूला असायचा, ट्रान्सफर नीट आहे का, सही जुळते का, नाहीतर बॅड डिलिव्हरी म्हणून परत. इथे मागे विकणाऱ्याची सही होती आणि घेणाऱ्याची जागा कोरी. म्हणजे कागद ज्याच्या हातात त्याचा शेअर. "किती हातांतून गेला असेल आणि कोणी नावावर करून घेतला नाही," ते म्हणाले. मला वाटतं वर्गणीची नोटीस आपल्या पत्त्यावर येऊ नये म्हणूनसुद्धा काही लोक असं करत असतील.

दुकानात चांदीचे जुने डॉलरही होते, त्यावरून आईने तिचे लक्ष्मीपूजनाचे पंचम जॉर्जचे रुपये काढले, म्हणजे आठवणीत. आणि इथे एक खरा धागा आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात नोटा नकोत, चांदीचा रुपया द्या म्हणून लोकांनी गर्दी केली आणि सरकारकडची चांदी संपायला आली. तेव्हा १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन ॲक्ट करून तिजोरीतले सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बहुतेक चांदी हिंदुस्थानासाठी ब्रिटनला विकली. त्याच कायद्यात अट होती की तेवढीच चांदी परत अमेरिकन खाणींकडून औंसाला एक डॉलर दराने विकत घ्यायची. जगात भाव पडले तरी १९२३ पर्यंत ह्या खोऱ्याला डॉलरचा दर मिळत राहिला. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांनी नोट नाकारली त्याचा फायदा वॉलेसच्या खाणींना झाला. आई म्हणाली, "बघ, आम्ही उगाच चांदी साठवत नाही."

जेवण करून बर्क कॅन्यनमध्ये गेलो. दरी इतकी अरुंद की जुन्या हॉटेलखालून ओढा आणि आतून रेल्वे जायची. आता ओसाड, गंजलेल्या पत्र्यांच्या मोठ्या इमारती तेवढ्या उभ्या. हेक्लाचा पहिला क्लेम इथलाच, कंपनी १८९१ ची, आज न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर आहे. पलीकडे मलनजवळ त्यांची लकी फ्रायडे खाण अजून चालू आहे, शाफ्ट, म्हणजे खाली उतरायचा उभा बोगदा, ९५०० फुटांहून खोल. ह्या खोऱ्याने १८८४ पासून १.२ अब्ज औंसांपेक्षा जास्त चांदी दिली आहे.

परतीच्या वाटेवर एक्स्चेंज बंद का झाला ह्यावर बाबांचं आणि माझ्या नवऱ्याचं चांगलंच वाजलं. नवरा म्हणाला कॉम्प्युटर. बाबा म्हणाले चांदी. जानेवारी १९८० मध्ये चांदीचा साठा करणाऱ्या टेक्सासच्या हंट बंधूंच्या खरेदीने चांदी ५० डॉलरपर्यंत गेली, स्पोकॅनच्या फळ्यावर तेव्हा काय धांदल असेल, आणि २७ मार्चला ११ डॉलरच्या आत. त्यानंतर खाणी एकामागून एक बंद, नव्या खाणी नाहीत म्हणजे नवे शेअर्स नाहीत, आणि पेनी स्टॉकवर वॉशिंग्टन डीसीचे नियम कडक होत गेले. सॉल्ट लेक सिटीचा असाच जुना बाजार १९८६ लाच गेला होता. मला वाटतं दोघेही बरोबर आहेत, कॉम्प्युटर नसता तर चांदी परत वर आल्यावर बाजार परत भरला असता. पुण्यात तरी वेगळं काय झालं? एनएसईची व्हीसॅट, म्हणजे सॅटेलाइटवर चालणारी, टर्मिनल्स आली, मग बीएसईची आली, रिंग ओस पडली, आणि २०१२ च्या सेबीच्या धोरणानंतर रीजनल एक्स्चेंजेसना दार दाखवलं गेलं. फरक एवढाच की स्पोकॅनच्या बाजाराबद्दल वाचायला काहीतरी मिळतं. पुण्याच्या रिंगमध्ये उभे राहिलेले लोक आता सत्तरीत आहेत आणि त्यांना कोणी विचारलेलं नाही.

म्हणून रिट्झव्हिलनंतर मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि बाबांना म्हटलं सुरुवातीपासून सांगा. जॉबर (स्वतःसाठी सौदे करणारे) कोण कुठे उभे राहायचे, बदल्याचा (सौदा पुढच्या सेटलमेंटला ढकलण्याचा) दर कसा ठरायचा, सेटलमेंटच्या दिवशी पोत्यातून सर्टिफिकेट्स कशी मुंबईला जायची, सगळं. मोझेस लेकला गॅस भरायला थांबलो तेव्हा ते १९८५ पर्यंत आले होते, घरी पोचेपर्यंत हर्षद मेहता सुरू झाला होता आणि आईने जेवायला वाढलं म्हणून तिथे थांबावं लागलं. पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा कॅनडाचा व्हिसा करून रॉसलँडला न्यायचं ठरलंय.